दुकानदार रात्री कुठे झोपतो?

ऑनलाइन गेममधल्या कुठल्याही गावात शिरा, चौकाच्या कडेला एक दुकानदार उभा असतो. दिवस असो, रात्र असो, गावावर ड्रॅगन आग ओकत असो, तो गल्ल्यामागून हलत नाही. त्याला गंजलेल्या तलवारी विका, लांडग्याची कातडी विका, बेडकांच्या चारशे तंगड्या विका. तो सगळं घेतो आणि रोख पैसे मोजतो. त्या तंगड्यांचं तो पुढे काय करतो हे विचारायची सोय नसते. खेळताना यात काही खटकतही नाही. तो माणूस नाहीच मुळी. ते एक बटण आहे, आणि त्याला मिशा लावल्या आहेत.

आता समजा, एका रात्री तो गेम खरा झाला. कारण काहीही असो: सर्व्हर बंद व्हायच्या शेवटच्या मिनिटाला वीज कडाडली, किंवा नायक हेडसेट घालून झोपला आणि उठला तो गवतावर. त्याला मातीचा वास येतो, वारा लागतो, चिमटा काढला तर दुखतं. मग तो हवेत बोट फिरवतो आणि समोर निळसर खिडकी उघडते: नाव, लेव्हल, ताकद, चपळाई, कौशल्यं. पाचव्या पानावर पहिलं रानडुक्कर मरतं. दहाव्या पानावर नायक गावात येतो आणि दुकानदाराकडून औषधाची बाटली विकत घेतो. दुकानदार नेहमीच्या जागी उभा असतो.

मी पुस्तक तिथे मिटत नाही, पण माझा विश्वास तिथे जरा सैल होतो. या माणसाचे पाय दुखत नाहीत का? काल रात्री तो झोपला कुठे? त्याच्या बाटल्या कोण भरतं? जग खरं झालं असं सांगताना लेखकानं नायकाच्या नाकाला वास दिला, पण दुकानदाराला खाट दिली नाही.

या प्रकारच्या कथा आता थोड्याथोडक्या राहिलेल्या नाहीत. रेकी कावाहारा यांनी 'सोर्ड आर्ट ऑनलाइन' ही खेळाडू गेममध्येच अडकल्याची कथा वेबवर लिहायला सुरुवात केली ती २००२ साली. २००४मध्ये जपानमध्ये 'शोसेत्सुका नि नारो' हे संकेतस्थळ सुरू झालं, तिथे कुणीही उठून कादंबरी क्रमशः टाकू लागलं, आणि 'दुसऱ्या जगात गेलेला खेळाडू' हा तिथला हुकमी विषय ठरला. कोरियन, चिनी, रशियन लेखक आपापल्या वाटेनं तिथेच पोचले. कधी खेळाडू गेममध्ये अडकतो, कधी गेमचंच खरं जग होतं, कधी गेमचे नियम आपल्याच जगावर येऊन आदळतात. तपशील वेगळे, पण पाया एकच: ज्या जगाचे नियम आपल्याला आधीच पाठ आहेत अशा जगात जाऊन पडणं. लेखकाला हे फार सोयीचं वाटतं. पर्वत, नद्या, राजघराणी, देवदेवता नव्यानं रचायला नकोत. वाचकाला लेव्हल माहीत, लूट माहीत, बॉस म्हणजे शेवटी गाठ पडणारा बलाढ्य शत्रू तोही माहीत. जग आयतं मिळालं.

माझं म्हणणं असं की ते आयतं मिळालेलं नसतं. उलट विश्वरचनेचं काम इथे दुप्पट आहे. कोऱ्या पाटीवर जग रचणाऱ्याला फक्त जग रचायचं असतं. गेमचं जग खरं करणाऱ्याला आधी एक नेपथ्य नीट समजून घ्यावं लागतं आणि मग त्याच्या पाठीमागे घर बांधावं लागतं. गेममधला प्रत्येक नियम खेळाडूच्या सोयीसाठी केलेला असतो. जग खरं झालं की त्या सोयीची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. ती कोण मोजतं, हे ज्या कथेला ठाऊक नाही तिच्यात जग नाही. तिच्यात फक्त नायक आहे आणि त्याच्या मागे रंगवलेला पडदा.

गेमचा नियम आणि निसर्गाचा नियम दिसायला सारखे असतात. दोन्ही आकड्यांत मांडता येतात, दोन्ही कुणाला सूट देत नाहीत. पण गुरुत्वाकर्षण कुणाच्या सांगण्यावरून आलेलं नाही. गेमचा प्रत्येक नियम मात्र कुणाच्या तरी तक्रारीचं उत्तर असतो. शिकार संपते, फार वाट पाहावी लागते, नवख्याला जुने खेळाडू मारून टाकतात, श्रीमंत फार श्रीमंत झाले. अशा हजार कुरबुरींवर केलेली डागडुजी म्हणजे गेमचे नियम.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'अल्टिमा ऑनलाइन'. १९९७ साली आलेल्या या गेमचे मुख्य रचनाकार राफ कोस्टर आणि त्यांचे सहकारी यांच्या मनात खरोखरीचं जग होतं. सशानं गवत खावं, लांडग्यानं ससा खावा, ससे संपले तर लांडग्यानं गावाकडे वळावं, अशी जिवंत साखळी त्यांनी आखली होती. खेळाडू आत आले आणि त्यांनी दिसेल तो प्राणी मारला. साखळी उभी राहायच्या आधीच तिच्या कड्या संपल्या. एवढी बारीक रचना केली आहे हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. शेवटी ती काढून टाकावी लागली. पैशाचंही तेच. सुरुवातीला त्या जगातली साधनसंपत्ती मोजकी ठेवली होती: लोखंड खणलं, वापरलं, झिजलं, की तेवढंच पुन्हा डोंगरात उगवणार. खेळाडूंनी काय केलं? साठवलं. पेट्यांमध्ये, घरांमध्ये, गरज नसताना. डोंगर रिकामे आणि माळे भरलेले. मग ती व्यवस्थाही सोडावी लागली आणि माल सतत येत राहील अशी सोय करावी लागली.

म्हणजे लांडगा मेल्यावर ठरावीक मिनिटांनी तिथेच नवा लांडगा उगवतो हा नियम आकाशातून पडलेला नाही. खरं जग करायला जाऊन हात पोळलेल्या माणसांनी केलेली ती तडजोड आहे. कथेत गेम खरा होतो तेव्हा ही तडजोड खरी होते. आता लांडगा कुठून उगवतो? मातीतून? त्याला आई असते का? त्याचं मांस किती लोकांना पुरेल? दर दहा मिनिटांनी आयता लांडगा देणारी जमीन ज्या राज्यात आहे तिथे शेती कोण करेल?

पैशाकडे पाहा. गेम बनवणाऱ्यांच्या बोलीत पैसा जिथून येतो तो नळ आणि जिथून जातो ती मोरी. शाळेतलं गणित आठवत असेल: एक नळ हौद सहा तासांत भरतो, दुसरा आठ तासांत रिकामा करतो, तर हौद भरायला किती वेळ लागेल? ऑनलाइन गेमचं सगळं अर्थशास्त्र म्हणजे हे गणित. राक्षस मारला की त्याच्या खिशातून सोन्याची नाणी पडतात, हा नळ. चिलखत दुरुस्त करायचं, घोडा भाड्यानं घ्यायचा, बाजारात दलाली भरायची, या मोऱ्या. लोहाराला दिलेलं नाणं लोहाराकडे जात नाही. ते नष्ट होतं. मोरी बारीक राहिली तर नाण्यांचा पूर येतो आणि साध्या ढालीला लाखभर मोजावे लागतात. हे प्रकरण पोरखेळ नाही हे अर्थतज्ज्ञांनी केव्हाच ओळखलं. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा यांनी २००१ साली 'एव्हरक्वेस्ट'मधल्या नोराथ या जगाचा हिशेब मांडला, तेव्हा तिथलं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मधोमध कुठेतरी निघालं. 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला गेम चालवणाऱ्या कंपनीनं २००७मध्ये एयोल्फुर गुडमंडसन या अर्थशास्त्रज्ञाला चक्क नोकरीवर ठेवलं.

आणि कथांमध्ये? कथांमध्ये नायक पहिल्याच आठवड्यात श्रीमंत होतो आणि विषय संपतो. मला तर इथेच कादंबरी सुरू होताना दिसते. लांडग्याच्या पोटातून सोनं निघतं ना? मग ते जंगल म्हणजे टांकसाळ. टांकसाळ कुणी मोकळी सोडत नाही. पहिला शहाणा सरदार जंगलाला कुंपण घालेल, दुसरा ते कुंपण तोडायला सैन्य घेऊन येईल. नाण्यावर छाप कुणाची, हा प्रश्न दरबारात उठेल, कारण राजानं न पाडलेलं नाणं बाजारात फिरतंय. शिकारी नाणी ओततील तशी भाकरी महागेल. शेतकऱ्याच्या कणसातून तर नाणं पडत नाही. मारणाऱ्याला रोख आणि पिकवणाऱ्याला उधार असा समाज पिढ्यान्‌पिढ्या चालला तर त्यातली गाणी कशी असतील, शिव्या कशा असतील, देव कुठला असेल? आणि चिलखत दुरुस्त करणाऱ्या लोहाराला जर आता खरोखर नाणी मिळू लागली, तर जगातली सगळ्यात मोठी मोरी तुंबली. चार वर्षांत राज्याला लोहार विकत घेतील. एवढं सगळं एका लांडग्यातून निघतं. त्यासाठी नवा खंड रचावा लागत नाही.

मरणाचा नियम याहून नाजूक. गेममध्ये मेलं की माणूस देवळात किंवा चौथऱ्यावर उठून बसतो. थोडा अनुभव कमी होतो, कपडे फाटतात, बास. बऱ्याच लेखकांना हा नियम अडचणीचा वाटतो, कारण मरण स्वस्त झालं की थरार जातो. म्हणून ते तो पहिल्याच प्रकरणात रद्द करतात: 'इथे मेलात तर खरंच मेलात.' सोपी सुटका आहे ही, आणि कधी कधी योग्यही. पण नियम कायम ठेवून त्याच्याशी झुंजणारी कथा जास्त दूर जाते. मामारे तोनो यांनी २०१०मध्ये सुरू केलेल्या 'लॉग होरायझन'मध्ये खेळाडू मेल्यावर परत येतात, पण दर मरणागणिक त्यांच्या मूळ आयुष्यातल्या काही आठवणी गळून जातात. त्या जगातले मूळ रहिवासी मात्र एकदाच मरतात. एका बाजारपेठेत, एका सैन्यात, एकाच जेवणाच्या मेजावर हे दोन प्रकारचे लोक शेजारी बसलेले आहेत. आता शौर्य या शब्दाचा अर्थ काय? जो मरूच शकत नाही त्यानं पुलावर एकट्यानं शत्रू अडवला तर ते धैर्य की नुसती मेहनत? त्याला फाशीची शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशानं नेमकं काय केलं? कोसळणाऱ्या खाणीत कुणाला पाठवायचं: परत येणाऱ्याला, की एकदाच मरणाऱ्या पण स्वस्तात मिळणाऱ्याला? अमर आणि मर्त्य एका गावात राहिले की जमीनदारी, वारसा, कर्ज, लग्न यांतलं काहीच जसंच्या तसं राहत नाही. ज्याचा बाप कधी मरणार नाही त्या मुलाच्या वाट्याला काय येणार?

त्याच कथेतली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. तिथे मेनूतून बटण दाबून केलेलं अन्न दिसायला उत्तम, चवीला शून्य. ज्याच्याकडे स्वयंपाकाचं कौशल्य आहे त्यानं हातानं, भांड्यात, विस्तवावर शिजवलं तरच चव येते. गेममध्ये चव नव्हतीच, कारण पडद्याला जीभ नसते. लेखकानं ती फट पकडली आणि तिच्यातून धंदा, बाजार, सत्तेची समीकरणं बाहेर काढली. फट बुजवली असती तर कुणाला कळलंही नसतं.

रोगराईबद्दल तर लेखकांना कल्पनाही लढवायला नको, ते घडून गेलेलं आहे. १३ सप्टेंबर २००५ रोजी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये हक्कार नावाच्या बॉसचा एक शाप बाहेर निसटला. तो फक्त त्याच्याशी होणाऱ्या लढाईपुरता होता, जवळ उभ्या असलेल्याला लागायचा. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांना तो लागला, ते प्राणी शहरात पुन्हा बोलावले गेले, आणि शाप चौकाचौकात पसरला. कमी लेव्हलचे खेळाडू क्षणात मरत होते, रस्त्यांवर सांगाडे पडले होते. काही जण मदतीला धावले, काही पळून गेले, काहींनी मुद्दाम रोग पसरवला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानदारांना, पहारेकऱ्यांनाही लागण होत होती, पण त्यांना काही होत नव्हतं. ते उभ्या जागेवरून रोग वाटत होते. शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले. पुढे २००७मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी 'द लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीझेस'मध्ये यावर लेख लिहिला, कारण खऱ्या साथीत माणसं कशी वागतील याचा इथे अंदाज मिळत होता. हीच घटना खऱ्या झालेल्या जगात घडली असं धरा. रीसेट करणारा कुणी नाही. गावात कुजबुज सुरू होते की दुकानदार मरत नाही, त्याच्याकडे जाणारे मरतात. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारापुढे मशाली घेऊन कोण उभं असेल?

आता त्या दुकानदाराकडे नीट पाहायची वेळ आली आहे, कारण माझ्या मते या कथाप्रकाराची खरी परीक्षा तिथेच होते. गेममध्ये त्याच्या नावापुढे दोन ओळींची माहिती असते. 'पूर्वी सैनिक होता. बायको दुष्काळात गेली.' कुणीतरी दुपारच्या चहानंतर अर्ध्या तासात अशी चाळीस पात्रं लिहून टाकलेली असतात. जग खरं होतं तेव्हा त्या दोन ओळींचं काय होतं? त्याला बायकोचा चेहरा आठवतो, की नुसतं वाक्य आठवतं? कुगाने मारुयामा यांच्या 'ओव्हरलॉर्ड'मध्ये नायक सर्व्हर बंद व्हायच्या आधी काही मिनिटं एका पात्राच्या वर्णनातलं एक वाक्य गंमत म्हणून बदलतो आणि तिथे 'हिचं माझ्यावर प्रेम आहे' असं लिहून ठेवतो. जग खरं होतं आणि ती बाई त्याच्यावर प्रेम करू लागते. हे प्रेम खोटं म्हणता येत नाही, खरंही म्हणता येत नाही, आणि नायकाला त्याची बोच लागून राहते. त्या मालिकेबद्दल माझ्या बऱ्याच तक्रारी आहेत, पण एका वाक्याचं वजन तिला कळलेलं आहे हे मान्य करावं लागतं.

यातूनच तो प्रश्न येतो जो बहुतेक लेखक टाळतात: जग खरं झालं ते नेमकं केव्हापासून? कालपासून, की पूर्वीपासूनच? कालपासून म्हटलं तर गावातले सगळे लोक काल जन्मलेले आहेत. म्हाताऱ्याच्या गुडघ्यातली कळ एक दिवसाची आहे, आणि त्याच्या डोक्यातलं सत्तर वर्षांचं आयुष्य उसनं आहे. ही भयकथा आहे, आणि उत्तम होऊ शकते. पूर्वीपासून म्हटलं तर प्रकरण आणखी अवघड. मग गावाबाहेरच्या त्या आजीची अंगठी खरंच हजारदा हरवली होती. हजार वेगवेगळ्या खेळाडूंनी ती शोधून आणून दिली, प्रत्येकाला तिनं त्याच शब्दांत आशीर्वाद दिला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ओट्यावर बसून ती रडू लागली. तिला हे आठवतं का? आणि नवखे खेळाडू हात बसावा म्हणून ज्या दरोडेखोरांना मारत होते, तेही मग माणसंच होती. नायकाच्या लेव्हल ऐंशीखाली किती प्रेतं आहेत हे त्या गावाला माहीत असेल, तर त्याचं स्वागत फुलांनी होणार नाही. यांतलं कुठलंही उत्तर निवडा, कथेचा सूर पहिल्या पानापासून बदलतो. निवडलंच नाही तर सूर लागत नाही, आणि वाचकाला कारण सांगता आलं नाही तरी ते जाणवतं.

डोक्यावर तरंगणाऱ्या आकड्याचंही असंच. ज्या समाजात प्रत्येकाची लेव्हल सगळ्यांना दिसते, तिथे लेव्हल बाराच्या शिक्षकाचं लेव्हल चाळीसचा विद्यार्थी ऐकेल का? लग्नं कशी जुळतील? मोजदाद चुकली अशी तक्रार कुणाकडे करायची? माणसाच्या कपाळावर त्याची किंमत लिहिणारं जग लेखक सहज उभं करतात आणि त्यात नायकाचा आकडा सगळ्यांत मोठा असल्यामुळे ते जग सुंदर आहे असं समजतात. आकडा लहान असलेल्या माणसाच्या खिडकीतून तेच जग पाहिलं तर कसं दिसेल, हे लिहायला फार तर एक प्रकरण लागेल.

यावर उत्तर ठरलेलं असतं, आणि ते मला मान्यही आहे अर्ध्यापर्यंत. लोक या कथा दमून घरी आल्यावर वाचतात. आकडा वाढताना पाहण्यात निखळ सुख आहे. आयुष्यात मेहनत आणि फळ यांची गाठ क्वचित पडते, इथे प्रत्येक घावाला गुण मिळतात. मीही रात्री दोन वाजेपर्यंत 'अजून एक प्रकरण' करत जागलो आहे, आणि त्या वेळी मला नाण्याच्या छापाची काळजी नव्हती. शिवाय विश्वरचनेचा अतिरेक काय करतो हेही आपण पाहतो: पहिली साठ पानं कुळांच्या वंशावळी आणि महिन्यांची नावं, माणूस एकही नाही. धान्यकराचे तक्ते मला नकोत.

पण गंमत आणि परिणाम यांचं वैर आहे असं जे गृहीत धरलं जातं, ते चूक आहे. या कथांतला सगळ्यात मोठा आनंद नियम वाकवण्याचा असतो, आणि नियम पक्का असल्याशिवाय तो वाकवण्यात मजा नाही. 'लॉग होरायझन'मध्येच नायकाच्या लक्षात येतं की गेममध्ये जागा विकत घेता येतात. तो पैसा उभा करून शहरातलं गिल्ड सेंटर, म्हणजे खेळाडूंच्या संघटनांचं केंद्रच खरेदी करतो. बँक तिथे, गिल्डच्या खोल्यांची वाट तिथून. आता कुणाला आत सोडायचं हे त्याच्या हातात. तलवार न उपसता तो गुंड गिल्डांना वाटाघाटीच्या टेबलावर बसवतो आणि शहराला पहिला कायदा मिळतो. घर विकत घेण्याची क्षुल्लक सोय राज्यघटना होऊन बसते. याहून मोठा थरार मला कुठल्या ड्रॅगनच्या लढाईत मिळालेला नाही. आणि हे कल्पनेपुरतं नाही. जानेवारी २०१४मध्ये 'ईव्ह ऑनलाइन'मध्ये बी-आर५आरबी नावाच्या तारामंडळात सुमारे एकवीस तास लढाई चालली, टायटन नावाची ७५ अवाढव्य जहाजं नष्ट झाली, नुकसानाचा अंदाज खऱ्या पैशांत सुमारे तीन लाख डॉलर निघाला. ठिणगी कशानं पडली? त्या जागेच्या ताब्याचं बिल वेळेवर भरलं गेलं नाही. कुठल्याही कादंबरीकारानं युद्धाचं असं कारण दिलं असतं तर संपादकानं भुवया उंचावल्या असत्या.

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टोल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात हिरव्या सूर्याचं उदाहरण घेतलं होतं. हिरवा सूर्य असं कुणीही म्हणू शकतं. पण ज्या जगात हिरवा सूर्य पटेल ते जग रचायला श्रम आणि विचार लागतो, असा त्याचा आशय. निळसर खिडकी म्हणजे आजचा हिरवा सूर्य. ती उघडते असं कुणीही लिहू शकतं.

आणि त्यासाठी पानंच्या पानं लागतात असंही नाही. मयसभा आठवा. दुर्योधनाला स्फटिकाची फरशी पाण्यासारखी दिसली म्हणून त्यानं वस्त्रं सावरली, आणि पुढे पाण्याला फरशी समजून तो त्यात पडला. महाभारत आपल्याला त्या सभेच्या बांधकामाचा नकाशा देत नाही. भासाचं जग एका माणसाच्या पायाखाली कसं वागलं ते दाखवतं, आणि लोक हसले हे सांगतं. ते हसू दुर्योधनाच्या मनात सलत राहिलं आणि द्यूतसभेपर्यंत गेलं. नियम एक, त्याचा परिणाम एका माणसावर, आणि तो परिणाम शेवटपर्यंत नेण्याची तयारी. विश्वरचना म्हणून मी जे मागतो आहे ते एवढंच आहे.

हा कथाप्रकार आपल्याला इतका का ओढतो याचंही कारण नीट पाहायला हवं, म्हणजे त्याच्याकडून एवढी अपेक्षा का ठेवायची ते कळेल. ऑनलाइन जगं मरतात. ३० नोव्हेंबर २०१२ रोजी 'सिटी ऑफ हीरोज' बंद झाला. त्याच्या आदल्या वर्षी डिसेंबरमध्ये 'स्टार वॉर्स गॅलॅक्सीज' गेला होता. अशा शेवटच्या रात्री खेळाडू ओळखीच्या चौकात जमतात, कधीकाळी वैरी असलेले शेजारी बसतात, कुणी फटाके उडवतं, आणि मग पडद्यावर संपर्क तुटल्याची ओळ येते. आठ-आठ वर्षं ज्या पुलावरून रोज गेलो तो पूल त्या क्षणी कुठेही उरत नाही. भंगारात नाही, नकाशात नाही. 'तो गेम खरा झाला' ही कल्पना सत्तेच्या स्वप्नातून जेवढी येते तेवढीच या हुरहुरीतूनही येते: ते बंद झालं नसतं तर? ज्यानं हे दुःख अनुभवलं आहे त्याला ते जग नायकाच्या पराक्रमासाठी परत नको असतं. त्याला तो पूल हवा असतो, तो चौक हवा असतो. आणि चौक म्हटलं की दुकानदार आलाच, कारण शेवटच्या रात्री सगळे निरोप घेत असताना तो गल्ल्यामागे उभाच होता, बेडकांच्या तंगड्या विकत घ्यायला तयार.

म्हणून अशी नवी कथा हातात आली की मी हल्ली पहिली लढाई भराभर उलटतो आणि पहिली रात्र कुठे येते ते शोधतो. मला वाचायची आहे ती कथा साधारण अशी असेल: नायक जखमी होऊन अपरात्री गावात येतो. सवयीनं चौकाच्या कडेला वळतो. दुकानाला फळ्या लावलेल्या आहेत. तो दार ठोठावतो. आतून खोकल्याचा आवाज येतो, मग पाय ओढत कुणीतरी दारापर्यंत येतं, पण कडी काढत नाही. नायक म्हणतो, औषध हवंय, पैसे आहेत. आतून आवाज येतो: "सहा वर्षं रोज येत होतास. माझं नाव सांग, मग उघडतो."

नायक खिडकी उघडून पाहतो. त्या जागी फक्त 'दुकानदार' लिहिलेलं असतं.